लोएब मोठा की ओजिए? शेजारच्या सीटवरून दिलेलं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: "सेबास्टियन लोएब आणि सेबास्टियन ओजिए, दोघांच्याही नावावर वर्ल्ड रॅली चॅम्पियनशिपची नऊ-नऊ जेतेपदं आहेत. यातला खरा मोठा कोण? की ज्याच्याकडे चांगली गाडी तोच जिंकतो? मी घरी सिम्युलेटरवर फिनलंडच्या स्टेज (रॅलीतले घड्याळ लावून चालवायचे टप्पे) चालवतो, वेळ काही वाईट येत नाही. मग या लोकांकडे वेगळं असं असतं तरी काय?"

तिन्ही प्रश्न एकमेकांत अडकलेले आहेत, त्यामुळे एकेकाचं सुटं उत्तर देत नाही. मी कोण ते आधी सांगतो. बरीच वर्षं भारतातल्या रॅलींमध्ये को-ड्रायव्हर म्हणून बसतो, आपल्याकडे ज्याला सरसकट नेव्हिगेटर म्हणतात तो. हल्ली नव्या जोड्यांना पेस नोट्स, म्हणजे रस्त्यातल्या प्रत्येक वळणाच्या वहीतल्या नोंदी, लिहायला शिकवतो. त्यामुळे माझं उत्तर त्या सीटवरून दिसतं तसं आहे. ड्रायव्हर वेगळं सांगेल, सर्व्हिसमधला मेकॅनिक तर त्याहून वेगळं सांगेल, आणि तोही चुकीचा नसेल.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, की जगज्जेता म्हणजे सगळ्यात वेगवान माणूस. सगळी गडबड तिथेच होते.

२०१७ चा हंगाम घ्या. थिएरी न्यूव्हिलने ह्युंदाईमधून चार रॅली जिंकल्या: कॉर्सिका, अर्जेंटिना, पोलंड आणि ऑस्ट्रेलिया. ओजिएने फक्त दोन, माँटे कार्लो आणि पोर्तुगाल. जगज्जेता झाला ओजिए. वर्षाच्या पहिल्या दोन्ही रॅलींत न्यूव्हिल आरामात पुढे होता आणि दोन्ही त्याने हातच्या घालवल्या. माँटेमध्ये पन्नासेक सेकंदांची आघाडी असताना शनिवारी गाडी ठोकली. स्वीडनमध्ये चाळीस सेकंदांच्या वर आघाडी होती, आणि ती गेली कुठे? कार्लस्टाडच्या सुपर स्पेशलमध्ये. सुपर स्पेशल म्हणजे प्रेक्षकांना एका जागी बसून गाड्या पाहता याव्यात म्हणून आखलेली दोनेक किलोमीटरची स्टेज, इथे ती घोड्यांच्या शर्यतीच्या ट्रॅकवर होती. अशा ठिकाणी रॅली जिंकता येत नाही, फक्त हरता येते. अडथळ्याला पुढचं चाक लागलं आणि खेळ खलास. त्या आठवड्यात न्यूव्हिल सगळ्यांत वेगवान होता, याबद्दल वादच नाही.

असं एकदाच घडलं असतं तर योगायोग म्हणून सोडून दिलं असतं. २००१ मध्ये कॉलिन मॅक्रेने लागोपाठ तीन रॅली जिंकल्या होत्या, रिचर्ड बर्न्सने वर्षभरात एकच, न्यूझीलंडची. शेवटच्या ब्रिटनच्या रॅलीला मॅक्रे गुणतक्त्यात पुढे होता, आणि जेतेपद चौघांपैकी कोणाचंही होऊ शकलं असतं. मॅक्रेने पहिल्याच दिवशी वेल्सच्या जंगलात गाडी उलटवली. बर्न्स तिसरा आला आणि ४४ विरुद्ध ४२ गुणांनी जगज्जेता झाला. १९८२ मध्ये मिशेल मूतोंने ऑडी क्वाट्रोमधून पोर्तुगाल, ग्रीसची ॲक्रोपोलिस आणि ब्राझील जिंकलं. वॉल्टर रोर्लने मागच्या चाकांवर चालणाऱ्या ओपल ॲस्कोनातून दोनच रॅली जिंकल्या, आणि जेतेपद त्याचं. (मूतोंच्या बाबतीत एक सांगायलाच हवं. निर्णायक आयव्हरी कोस्ट रॅली सुरू व्हायच्या तोंडावर तिचे वडील गेले. तरी ती उतरली आणि बराच काळ पुढेही होती. त्या वर्षाचा नुसता गुणतक्ता वाचून कोणी तिला कमी लेखत असेल तर त्याला रॅली कळलेली नाही.) अगदी अलीकडचं २०२४ घ्या. काले रोव्हानपेरा अर्धवट हंगाम खेळून चार रॅली जिंकला, आणि न्यूव्हिल दोन रॅली जिंकून जगज्जेता झाला. सात वर्षांपूर्वी जे त्याला जमलं नव्हतं ते तोवर जमलं होतं. जपानच्या शेवटच्या रॅलीत पहिल्याच दिवशी टर्बो बिघडून तो पार मागे फेकला गेला, तरी डोकं शांत ठेवून गाडी पुढे रेटत राहिला. पाठलाग करणाऱ्या ऑट टॅनाकने रविवारी गाडी ठोकली आणि हिशेब संपला.

दरवर्षी असंच होतं, असं माझं म्हणणं नाही. २००८ मध्ये लोएबने १५ पैकी ११ रॅली जिंकल्या होत्या, तिथे बारकावे शोधत बसायची गरजच नाही. पण जेतेपदांची संख्या आणि वेग ही दोन वेगळी मापं आहेत, एवढं मान्य झालं की पुढचं बोलता येईल.

आता वेगाबद्दल. सिम्युलेटरवर तुम्ही एक स्टेज किती वेळा चालवली असेल? पन्नास? शंभर? कुठे झाड आहे, कुठे उंचवटा आहे, सगळं पाठ झालेलं असणार. खऱ्या रॅलीत स्टेज रेकीत, म्हणजे शर्यतीआधीच्या पाहणीत, दोनदा पाहायला मिळते. तीही साध्या गाडीतून, वेगमर्यादा पाळून. पहिल्या फेरीत ड्रायव्हर प्रत्येक वळणाचा आकडा बोलतो आणि नेव्हिगेटर लिहितो. दुसऱ्या फेरीत नेव्हिगेटर वाचतो, ड्रायव्हर दुरुस्त्या सांगतो. मग एकदम शर्यत. जो रस्ता ताशी साठने दोनदा पाहिला, त्यावर आता ताशी दीडशेने जायचं, आणि समोर उंचवटा असल्यामुळे पलीकडचं काहीच दिसत नाही.

मी वाचतो ते साधारण असं: "एटी, राइट फोर ओव्हर क्रेस्ट, टाइटन्स थ्री, डोन्ट कट." म्हणजे ऐंशी मीटर सरळ, मग उजवं वळण चार नंबरचं, तेही चढाच्या माथ्यावर. पुढे तेच वळण आवळत तीन नंबरचं होतं, आणि आतून गाडी घालायची नाही, कारण आतल्या कडेला दगड आहे. आमच्या पद्धतीत सहा म्हणजे जवळजवळ सरळ आणि एक म्हणजे हेअरपिनच्या, पूर्ण मागे फिरणाऱ्या वळणाच्या, आसपास. काही जोड्या आकडे उलटे वापरतात, काही अंशांत बोलतात. पद्धत कुठलीही चालते. ड्रायव्हरच्या तोंडून आलेला 'चार' शुक्रवारी सकाळी जेवढा होता तेवढाच रविवारी दुपारी असला पाहिजे, तो बदलून चालत नाही.

आणि हेच बहुतेकांना जमत नाही. नव्या ड्रायव्हरसोबत रेकी करताना मी एक परीक्षा घेतो. काही न बोलता त्याला त्याच रस्त्यावर पुन्हा आणतो, कोरी वही उघडतो आणि नव्याने आकडे बोलायला लावतो. पोरगा सकाळी ताजातवाना असतो तेव्हा 'फाइव्ह' म्हणालेला असतो. दुपारी ऊन लागलेलं, पोटात भूक, समोर ट्रॅक्टर आडवा आलेला, तर तेच वळण 'फोर माइनस' होतं. कधी उलटंही होतं, अंगात आलेलं असतं आणि चार नंबरचं पाच होतं. दोन्ही महाग पडतं. पाचला चार लिहिलं तर विनाकारण ब्रेक दाबला जातो, चारला पाच लिहिलं तर आपण कॉफीच्या बागेत. चिकमगळूरच्या स्टेजमध्ये हे शब्दशः घडतं, झाडांच्या रांगा रस्त्याला चिकटून असतात.

या हिशेबाकडे जरा बघा. जागतिक रॅलीत स्टेजचं एकूण अंतर साधारण ३०० किलोमीटर असतं. किलोमीटरमागे फक्त अर्धा सेकंद जास्त लागला तर तीन-चार दिवसांत अडीच मिनिटांचा फरक पडतो. अर्धा सेकंद म्हणजे प्रत्येक न दिसणाऱ्या वळणाआधी "असेल का खरंच चार?" असं मनात येऊन पाय किंचित उचलला जाणं. जगज्जेत्यांचा पाय तिथे उचलला जात नाही. याला लोक धाडस म्हणतात. मला त्यात स्वतःच्या वहीवरचा विश्वास दिसतो, आणि तो विश्वास रेकीत कमवावा लागतो, शर्यतीत आयत्या वेळी आणता येत नाही.

रोव्हानपेराचं एक उदाहरण देतो. जून २०२४ मध्ये पोलंडच्या रॅलीआधी रेकीतच ओजिएचा अपघात झाला. टोयोटाने रोव्हानपेराला आयत्या वेळी फिनलंडहून बोलावून घेतलं. त्याला आणि त्याचा को-ड्रायव्हर योने हाल्टुनेनला रेकीसाठी नेहमीपेक्षा खूपच कमी वेळ मिळाला. पोलंडचे रस्ते मऊ मातीचे आणि फार वेगाचे, तिथे नोट चुकली तर सावरायला जागा नसते. तरी ती रॅली त्यांनी जिंकली. नोट्सच्या दृष्टीने गेल्या कित्येक वर्षांत मी पाहिलेली ही सगळ्यात थक्क करणारी कामगिरी आहे. २०२२ मध्ये न्यूझीलंडला जेतेपद मिळवलं तेव्हा त्याला बावीस वर्षं पूर्ण होऊन एकच दिवस झाला होता. त्याआधीचा सगळ्यात तरुण जगज्जेता मॅक्रे, तोही सत्तावीस वर्षांचा होता. पण रोव्हानपेराच्या वयाकडे बघताना हेही बघा की त्याचे वडील हॅरी हे स्वतः जागतिक रॅली जिंकलेले ड्रायव्हर, आणि पोरगा आठव्या वर्षी मागच्या चाकांची टोयोटा स्टारलेट बर्फावर चालवत होता. बाविसाव्या वर्षी त्याच्यामागे चौदा वर्षांचा सराव होता.

आता गाडी. "चांगली गाडी मिळाली की कोणीही जिंकतो" हे वाक्य मी दर रॅलीच्या पार्किंगमध्ये ऐकतो. अर्धं खरं आहे. खराब गाडीतून आजवर कोणी जगज्जेता झालेला नाही. पण एकाच कंपनीच्या दोन-तीन सारख्या गाड्या असतात, आणि त्यातली एक पुढे आणि एक मागे असते, हे कसं काय? रोर्लने माँटे कार्लो चार वेळा जिंकली: १९८० मध्ये फियाट, १९८२ मध्ये ओपल, १९८३ मध्ये लॅन्शिया, १९८४ मध्ये ऑडी. चार वेळा चार वेगळ्या कंपन्यांच्या गाड्या, त्यातल्या तीन मागच्या चाकांवर चालणाऱ्या आणि एक चारही चाकांवर. अशा माणसाच्या बाबतीत गाडीचा मुद्दा निकालात निघतो.

लोएबच्या नऊपैकी नऊ जेतेपदं सिट्रोएनमध्ये आली, तीही सलग, २००४ ते २०१२. म्हणून लोक म्हणतात, गाडीच जबरदस्त होती. होतीच. पण २००६ बघा. त्या वर्षी सिट्रोएनचा कारखाना अधिकृतपणे स्पर्धेत नव्हता, लोएब क्रोनोस या बेल्जियन खाजगी टीमकडून सिट्रोएनच्या जुन्या झारा गाडीमध्ये उतरला. आठ रॅली जिंकला आणि मग सायकलवरून पडून हात मोडला. शेवटच्या चार रॅली घरी बसून काढल्या, तरी मार्कस ग्रोनहोमपेक्षा एक गुण जास्तच राहिला. ओजिएचं म्हणाल तर त्याची पहिली चार जेतेपदं फोक्सवॅगनच्या पोलोमधली, आणि ती गाडीही तेवढीच जबरदस्त होती. २०१६ संपताना फोक्सवॅगन खेळातून बाहेर पडली. ओजिए इंग्लंडच्या कंब्रियामधल्या एम-स्पोर्टकडे गेला. ही टीम फोर्डच्या गाड्या चालवते, पण तिच्याकडे टोयोटा किंवा ह्युंदाईसारखं कारखान्याचं पाठबळ आणि पैसा नव्हता. तिथेही २०१७ आणि २०१८ त्याचंच. मग टोयोटात २०२०, २०२१ आणि पूर्ण हंगाम न खेळता २०२५. तीन टीम, तीन वेगळ्या गाड्या. को-ड्रायव्हर म्हणून मला आणखी एक गोष्ट दिसते. लोएबची नऊच्या नऊ जेतेपदं डॅनियल एलेनासोबतची. ओजिएची पहिली आठ जुलियन इंग्रासियासोबत, नववं मात्र व्हिन्सेंट लांदेसोबत. पंधरा-सोळा वर्षं कानात एकच आवाज ऐकलेला असताना तो आवाज बदलणं म्हणजे काय, हे शेजारी बसणाऱ्यालाच विचारा. शब्द तेच असतात, पण नोट नेमक्या कुठल्या क्षणी कानावर पडणार याची लय बदलते, आणि ड्रायव्हर त्या लयीवर स्टिअरिंग फिरवत असतो.

एक मोठी भानगड गुणतक्त्यात कुठेच दिसत नाही. ती म्हणजे रस्त्यावर कितव्या नंबरला जायचं. आपल्याकडे धूळ इतकी लटकून राहते की पुढचा नंबर मिळाला तर ड्रायव्हर खूश होतो. जागतिक पातळीवर मातीच्या रॅलीत बहुतेक वेळा उलटं असतं. रस्त्यावर सुट्या खडीचा थर असतो, पहिली गाडी तो झाडत जाते आणि मागच्यांना खालचा घट्ट, पकड देणारा रस्ता मिळतो. गुणतक्त्यात जो पुढे, त्यालाच पहिल्या दिवशी झाडू मारावा लागतो. डांबरी रस्त्यावर पुन्हा वेगळंच: पुढच्या गाड्या वळणं आतून कापतात, माती रस्त्यावर ओढून आणतात, त्यामुळे तिथे पहिला असलेला बरा. फोक्सवॅगनच्या काळात ओजिए फारच जिंकायला लागला म्हणून २०१५ आणि २०१६ मध्ये आघाडीवरच्या ड्रायव्हरने एक नव्हे, दोन पूर्ण दिवस पहिलं जायचं असा नियम होता. तो उघडपणे चिडला, जाहीर बोलला, आणि दोन्ही वर्षं जिंकला.

हे हत्यार त्याने स्वतःही वापरलेलं आहे. २०११ मध्ये लोएब आणि ओजिए दोघेही सिट्रोएनमध्ये होते, गाड्या सारख्या. ॲक्रोपोलिसला दुसऱ्या दिवसाच्या अखेरीस ओजिएने मुद्दाम वेळ घालवला. त्यामुळे लोएब आघाडीवर गेला आणि तिसऱ्या दिवशी झाडू लोएबच्या हातात आला. रॅली ओजिएने जिंकली. तेव्हा बऱ्याच जणांनी नाकं मुरडली. मला यात गैर काही वाटत नाही, नियम तसा होता आणि लोएबच्या टीमनेही अशी गणितं केलेली आहेत. त्या हंगामात दोघांनी पाच-पाच रॅली जिंकल्या आणि जेतेपद लोएबचं झालं. वर्ष संपलं तेव्हा एका टीममध्ये दोघं राहू शकणार नाहीत हे उघड होतं. ओजिए बाहेर पडला.

यानंतर जे उरतं ते नशीब, आणि ते थोडंथोडकं नसतं. १९९८ च्या ब्रिटनच्या रॅलीत टॉमी मॅकिनेनची गाडी पहिल्याच दिवशी रस्त्यावर सांडलेल्या तेलावरून घसरून काँक्रीटच्या ठोकळ्यावर आदळली आणि तो बाद झाला. कार्लोस साइन्झला जेतेपदासाठी फक्त शेवटची स्टेज पूर्ण करायची होती. मार्गम पार्कमध्ये शेवटची रेषा काहीशे मीटरवर असताना त्याच्या टोयोटाचं इंजिन गेलं. को-ड्रायव्हर लुईस मोयाने हेल्मेट भिरकावून गाडीची मागची काच फोडली. मॅकिनेन सलग तिसऱ्यांदा जगज्जेता झाला. साइन्झला जागतिक रॅलीत तिसरं जेतेपद कधीच मिळालं नाही. साइन्झची दोन आणि मॅकिनेनची चार, हे आकडे वाचताना तेवढे काहीशे मीटर डोक्यात असू द्या.

तर मोठा कोण? सगळ्या पळवाटा सांगून झाल्या, आता उत्तर देतो. डांबरी रस्ता असेल आणि एकाच रॅलीवर सगळं असेल, तर लोएब. २००५ मध्ये कॉर्सिकात त्याने बाराच्या बारा स्टेज जिंकल्या. ते बेट म्हणजे एकापाठोपाठ एक वळणं, सरळ रस्ता औषधालाही सापडत नाही. बारापैकी एकदाही दुसऱ्याला पुढे जाऊ न देणं हे माझ्या समजुतीपलीकडचं आहे. पण पूर्ण हंगाम असेल, गाडी कुठली मिळेल ते माहीत नसेल, रोज पहिला नंबर घेऊन रस्ता झाडायचा असेल, तर ओजिए. ओजिएचं डोकं गुणांच्या हिशेबावर चालतं. कसोटीत ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू सोडून देणाऱ्या सलामीवीरासारखा तो कुठली स्टेज सोडायची हे ठरवू शकतो, आणि सोडताना त्याला लाज वाटत नाही. न्यूव्हिलला हे शिकायला २०२४ उजाडावं लागलं. मॅक्रे कधीच शिकला नाही, आणि म्हणूनच तो अजूनही लोकांचा लाडका आहे.

दोघांची थेट गाठ जानेवारी २०२२ मध्ये माँटे कार्लोत पडली. लोएब सत्तेचाळीस वर्षांचा, फोर्ड प्यूमात. शेजारी एलेना नव्हता, इझाबेल गाल्मिश होती, पेशाने शाळेत गणित शिकवणारी. ओजिए अडतीसचा, टोयोटात. शेवटून दुसऱ्या स्टेजआधी ओजिए २४.६ सेकंदांनी पुढे होता. तिथे त्याचं टायर पंक्चर झालं, आणि शेवटच्या स्टेजला सुरुवात करण्यात घाई केल्याबद्दल दहा सेकंदांचा दंडही बसला. लोएब १०.५ सेकंदांनी जिंकला. त्याचा तो ऐंशीवा विजय. यावरून कोण मोठा ते ठरतं का? पंक्चर झालं नसतं तर ओजिए जिंकला असता, हे सरळ आहे. पण सत्तेचाळिसाव्या वर्षी, नव्या को-ड्रायव्हरसोबत, हायब्रिड गाडीच्या पहिल्याच रॅलीत पंक्चर झालेल्या ओजिएच्या लगेच मागे असणं, हेही तितकंच सरळ आहे.

आता तुमच्याबद्दल. सिम्युलेटरवरच्या वेळा चांगल्या येतात याचा अर्थ हात, पाय आणि नजर यांचा मेळ बरा आहे. ते वाया जात नाही. पण पाठ झालेल्या रस्त्यावर ही परीक्षा होत नाही. एक करून बघा: कधीही न चालवलेली स्टेज घ्या, सावकाश दोनदा फिरा, स्वतःच्या नोट्स लिहा, दुसऱ्या दिवशी कोणाला तरी त्या वाचायला बसवा आणि एकदाच, फक्त एकदाच चालवा. गाडी उलटली तर तुमच्यासाठी ती रॅली संपली, पुन्हा सुरुवात करायची नाही. त्या दिवशी तुम्हाला स्वतःबद्दल जे कळेल ते शंभर फेऱ्यांत कळणार नाही.

भारतातून या पातळीवर कोणी का नाही, हे तुम्ही विचारलेलं नाही, तरी ओघाने येतंच. गौरव गिलने एशिया पॅसिफिक रॅली चॅम्पियनशिप २०१३, २०१६ आणि २०१७ अशी तीनदा जिंकली आणि २०१९ मध्ये त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला, मोटरस्पोर्टमधला पहिला. पुण्याचे संजय टकले स्वतःच्या हिमतीवर परदेशातल्या रॅलींत उतरत आले आहेत. म्हणजे हात आहेत. नाही ती शिडी. फ्रान्समध्ये 'रॅली ज्यून' नावाची तरुणांसाठीची निवड स्पर्धा होती, थोडक्या पैशांत कोणीही यायचं, सारख्या गाड्या, सारखा रस्ता. ओजिए २००५ मध्ये तिथूनच वर आला. लोएब नव्वदच्या दशकात तिथे उतरला होता आणि जिंकला नव्हता, पण लोकांच्या नजरेत भरला. तो जिम्नॅस्ट होता आणि इलेक्ट्रिशियनचं काम शिकलेला होता. घरात रॅलीची गाडी वगैरे काही नव्हतं. आपल्याकडे अशी मुलं नसतील असं मला वाटत नाही, त्यांना गाडीत बसवणारं कोणी नाही.

तुम्ही लगेच करू शकाल असं काय, तर पहिलं म्हणजे ऑनबोर्ड व्हिडिओ (शर्यतीत गाडीतल्या कॅमेऱ्याने घेतलेले) बघताना चित्र झाका आणि आवाज ऐका. बर्न्ससोबत रॉबर्ट रीड वाचतानाचे जुने व्हिडिओ शोधा, इंग्रजीत आहेत आणि रीडचा आवाज इतका शांत की गाडी कुठे चालली आहे याचा पत्ता लागत नाही. नोट ऐकून रस्ता डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न करा, मग चित्र उघडून पडताळा. नोट आणि वळण यांच्यात किती अंतर सोडलं जातं तेही मोजा. दुसरं म्हणजे टीएसडी. टाइम-स्पीड-डिस्टन्स प्रकारच्या रॅली साध्या गाडीतून, सार्वजनिक रस्त्यावर, ठरवून दिलेल्या सरासरीने चालवायच्या असतात. त्यात वेगाची हौस भागत नाही, पण हिशेब, वही आणि दोन माणसांचं जमणं हे सगळं तिथे शिकता येतं. जमतंय असं वाटलं तर पुढे एफएमएससीआय या भारतातल्या मोटरस्पोर्ट महासंघाचं लायसन्स काढून खऱ्या स्टेजकडे वळा. आणि पहिल्या टीएसडीला नाव देताना ड्रायव्हर म्हणून देऊ नका, नेव्हिगेटर म्हणून द्या. ड्रायव्हर व्हायला सगळेच तयार असतात, नेव्हिगेटर शोधत फिरणाऱ्या गाड्या मात्र आदल्या रात्रीपर्यंत असतात.